दोरीवरची पोरगी आणि शांघायची तिकिटं

‘‘डोंबाऱ्याचा खेळ बघायला चीनला जायचं? अन् तेही तिकीट काढून?’’

आईचा पहिला रिस्पॉन्स हा असा होता. फोनवर. मी पुण्यात कॉट बेसिसवरच्या खोलीत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलेली, ती आष्टीत घराच्या ओट्यावर, आणि तिच्या मागे पाण्याच्या टँकरची घरघर. साल २०१९, महिना मार्च. त्या वर्षी बीड जिल्ह्यात पाणी टँकरने येत होतं आणि जनावरं चारा छावणीत होती. आमच्या दोन गायीसुद्धा. आणि अशात मी आईला शांघायचा प्लॅन समजावून सांगत होते.

झालं होतं असं की, दादाला चाकणच्या त्याच्या ऑटो कंपनीने वर्षभरासाठी शांघायला पाठवलं होतं. कंपनीचा फ्लॅट, दोन बेडरूम, एकटा जीव. ‘‘मे महिन्यात आईच्या शाळेला सुट्टी असते, माझंही वर्ष संपेल तोवर. या दोघी,’’ असं त्याने फर्मान सोडलं. विमानाची तिकिटं त्याची, राहणं फुकट. माझं मास कॉमचं शेवटचं सेमिस्टर चाललं होतं आणि खात्यात अकराशे रुपये होते. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मी लगेच एक्सेल शीट उघडली. (तुमच्या ग्रुपमध्येही असा एक प्राणी असतोच, जो गोव्याच्या ट्रिपचीसुद्धा एक्सेल शीट बनवतो. आमच्या घरात तो मी आहे.) सात दिवस, सात रंग. सोमवारी नदीकाठचा बंड, बुधवारी युयुआन बाग, गुरुवारी पाण्यातलं जुनं गाव. आणि मंगळवार संध्याकाळच्या चौकोनात गुलाबी रंगात लिहिलं, ‘ॲक्रोबॅटिक्स शो!!!’ तीन उद्गारचिन्हांसकट. चीनला गेलेला प्रत्येक टुरिस्ट हा शो बघतोच. भिंत, राजवाडा, बदक आणि ॲक्रोबॅटिक्स. आपल्याकडे जयपूरला गेल्यावर कठपुतळी बघतात, तसंच. बघितलं नाही तर परत आल्यावर लोक विचारतात, ‘अरे, तेच नाही बघितलं?’

आईचं म्हणणं सोपं होतं. बाग बघू, नदी बघू, दादाची कंपनी लांबून बघू. तो खेळ नको.

मला वाटलं, पैशाचा प्रश्न आहे. आमची आई म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतली बाई. तिच्या डोक्यात कॅल्क्युलेटर कायम चालू. एका युआनला तेव्हा साधारण दहा रुपये पडायचे, म्हणजे हिशेबाला एकदम सोपं, एक शून्य वाढवायचं. मी शो शोधताना सगळ्यात स्वस्त तिकीट कोणतं, तेच आधी बघत होते. ते होतं १८० युआनचं. अठराशे रुपये. तिघांचे पाच हजार चारशे. आईने फोनवरच सांगितलं की, एवढ्यात दोन गायींची छावणीबाहेर किती दिवसांची वैरण होते. आकडा मी इथे देत नाही. दिला असता तर तुम्हीही शो कॅन्सल केला असता.

मग मी आर्ट अँड कल्चरचा डोस सुरू केला. त्याच फेब्रुवारीत मी इंटर्न म्हणून मुंबईत शिवाजी पार्कला जाऊन आले होते. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तिथे भरली होती. परदेशातली पोरं-पोरी येऊन लाकडी खांबाला साप गुंडाळावा तशी गुंडाळत होती. दोरीवरच्या मल्लखांबाला तर मी तोंड उघडं ठेवूनच उभी होते. उदय देशपांडे सरांनी तिथल्या समर्थ व्यायाम मंदिरात कित्येक वर्षं हे शिकवलं, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्रीही मिळाली. तर मी आईला म्हटलं, ‘‘अगं, शरीराची कला आहे ही. तिकडे शिवाजी पार्कला टाळ्या पडल्या, इकडे शांघायला पडतात. यात डोंबारी कुठून आणलास?’’

ती म्हणाली, ‘‘मग आपल्या बाजारातली पोरगी करायची, ती कला नव्हती का?’’

आता यावर काय बोलणार? मी म्हटलं, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला.

खरं सांगायचं तर हा प्रश्न नंतरही माझ्या डोक्यातून गेला नाही. तीच कोलांटउडी. व्यायामशाळेच्या छताखाली मारली की सर्टिफिकेट मिळतं, खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीसुद्धा लागते. सर्कशीच्या तंबूत मारली की पगार. बाजारात मातीवर मारली की थाळीत पडेल ते. सर्कसही आपल्याच लोकांनी देशात आणली बरं का! कुरुंदवाडच्या संस्थानात घोडे सांभाळणाऱ्या विष्णुपंत छत्र्यांनी मुंबईत एका इटालियन माणसाची सर्कस बघितली आणि १८८० मध्ये स्वतःची काढली, ‘ग्रेट इंडियन सर्कस’. पुढे ती केरळात तलश्शेरीला गेली, तिथल्या कीलेरी कुन्हीकण्णन नावाच्या मास्तरांशी गाठ पडली, आणि त्या मास्तरांनी चक्क सर्कशीची शाळा काढली. म्हणजे शाळा निघू शकत होती. आपल्या बाजारात दोरीवर चालणाऱ्यांसाठी ती कुणी काढली नाही, एवढंच.

असो. एप्रिल गेला आईच्या इलेक्शन ड्यूटीत. बीडचं मतदान १८ एप्रिलला होतं. त्याच्या आधी परदेशात जायची खात्याची परवानगी, व्हिसाचे फोटो, बँकेची स्टेटमेंट. व्हिसाच्या फोटोत कान दिसले पाहिजेत म्हणून आईला पदर मागे घ्यायला लावला, तर ती फोटोग्राफरवरच चिडली. अण्णा म्हणाले, ‘‘मला काय करायचंय चीनचं? छावणीत गायी कोण बघणार? तुम्ही जाऊन या.’’ आणि वर, ‘‘येताना मला एक टॉर्च आणा. तिकडून इकडं येतातच, तर तिथं स्वस्त असतील.’’

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघी, मधे एक विमान बदलून, शांघायला पोचलो. आईच्या बॅगेत बावीस धपाटे, शेंगदाण्याची चटणी, लसणाचा ठेचा आणि दादासाठी ज्वारीचं पीठ. गूगल तिथे चालत नाही हे मला माहीत होतं, पण म्हणजे मॅपसुद्धा चालत नाही, हे विमानतळावर उतरल्यावर डोक्यात शिरलं! पैशाचं तर विचारूच नका. भाजीवालीसुद्धा फोनवर पैसे घेत होती आणि आम्ही नोटा काढल्या की आमच्याकडे म्युझियममधल्या वस्तूकडे बघावं तशी बघायची. आता तिथल्या पेमेंट ॲपला आपलं कार्ड जोडता येतं. २०२० मध्ये बंद पडलेली भारत-चीन थेट विमानंही २०२५ च्या शेवटी परत सुरू झाली. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा आमच्यापेक्षा सुखात जाल.

सोमवारी रात्री, म्हणजे शोच्या आदल्या रात्री, मी दादाच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. दोन पर्याय होते. एक, नानजिंग रोडवरचं थिएटर. छोटं, जुन्या पद्धतीचं, एकामागून एक कसरती. दुसरा, ‘शांघाय सर्कस वर्ल्ड’. १९९९ मध्ये बांधलेला सोनेरी घुमट, सोळाशेच्या वर खुर्च्या, आणि त्यात २००५ पासून चालू असलेला ‘एरा’ नावाचा शो. लाइट्स, पाणी, लाइव्ह म्युझिक, शेवटी लोखंडी गोलात मोटरसायकली. शिवाय मेट्रोच्या एक नंबर लाइनवर स्टेशनचं नावच सर्कस वर्ल्ड. चुकायचा चान्स नाही. शो साडेसातचा, पावणेदोन तासांत सुटका, साडेनऊला परतीची मेट्रो. परफेक्ट!

दादा म्हणाला, ‘‘दुसरा. मोटरसायकली आहेत ना!’’ ऑटो कंपनीवाला माणूस.

आई धपाटे तव्यावर गरम करत होती. तिचं मन वळवायला मी वाचून आलेला शेवटचा पत्ता काढला. म्हटलं, ‘‘आई, ऐक ना. चीनमध्ये वूचियाओ नावाचा एक तालुका आहे, हपै प्रांतात. तिथे घराघरात हे करणारी माणसं. म्हणतात, त्या गावचा माणूस नाही अशी सर्कस सापडणार नाही. १९५८ मध्ये तिथे एक जुनं थडगं सापडलं, सहाव्या शतकातलं. त्याच्या भिंतींवर कसरतींची चित्रं. म्हणजे बघ, किती जुनी कला!’’

‘‘तिथंच का?’’ आईने विचारलं. शिक्षिका. तिला ‘कधी’पेक्षा ‘का’ लागतं.

‘‘जमीन खराब. खारवट. कधी दुष्काळ, कधी पूर. पिकाचं काही खरं नसायचं. मग शेतात काम नसलं की लोक कसरती करत गावोगाव हिंडायचे, पोट भरून परत यायचे. घरातल्याच वस्तू घ्यायच्या, ताटं, वाडगे, रांजण, बाकडी. त्याच्यावरच खेळ करायचा.’’

आईने गॅस बारीक केला. ‘‘म्हणजे कोयत्यावर जाणारी माणसं,’’ ती म्हणाली.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना सांगायला हवं. आमच्याकडे दिवाळी झाली की अर्धी गावं ऊसतोडीला जातात. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायला जायचं. कारखाना बंद होईपर्यंत परत येणं नाही. सोबत पोरं. आईच्या वर्गात दिवाळीआधी चाळीस डोकी असली तर दिवाळीनंतर पंचवीस. मागे राहणाऱ्या पोरांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली, तो पुढचा भाग. पण दरवर्षी नोव्हेंबरात हजेरीपट लहान होणं, हे आईने आयुष्यभर बघितलेलं आहे. त्यामुळे वूचियाओ तिला माझ्यापेक्षा लवकर समजलं.

ताट पुढे सरकवून ती समोर बसली. आणि मग तिने ती गोष्ट सांगितली, जी अर्धी मला माहीत होती.

माझी अर्धी आधी सांगते. मी तिसरीत होते, म्हणजे २००५. आईचाच वर्ग. होळीनंतरचे दिवस. आमच्याकडून मढी लांब नाही, पाथर्डी तालुक्यात. तिथे कानिफनाथांची यात्रा होळीपासून पाडव्यापर्यंत चालते. भटक्या समाजाची माणसं लांबलांबून येतात, गाढवांचा मोठा बाजार भरतो. त्या दिवसांत आष्टीच्या आठवडी बाजारातही वेगवेगळे खेळ करणारे उतरायचे. तसंच एक कुटुंब. दोन्ही बाजूंना बांबूच्या कैच्या, मधे ताणलेला दोर, खाली माती. बाप ढोल वाजवतोय. आई कडेवर बाळ घेऊन थाळी फिरवतेय. आणि वर दोरावर माझ्याएवढी पोरगी. हातात आडवी काठी, डोक्यावर तीन कळशा, पायाखाली परात. परातीत पाय ठेवून ती दोरावरून सरकत जायची. मग सायकलच्या रिंगवरून. खाली जाळी नाही, गादी नाही, काही नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ती पोरगी वर्गात माझ्या शेजारी! आईनेच पालावर जाऊन तिला आणलं होतं. अकरा दिवस ती आली. माझ्या डब्यातलं लोणचं तिला आवडायचं. तिला वाचता येत नव्हतं, पण पाढे पाठ होते, कारण बाप मोजून ढोल वाजवायचा. मी तिला विचारलं होतं, भीती वाटत नाही का? ती म्हणाली, खाली बघायचं नसतं. बास. बाराव्या दिवशी ती आली नाही. पाल उठलं होतं. मला एवढंच माहीत. आणि हेही की, बाजारात मी हट्ट करून थाळीत रुपया टाकायला निघाले होते आणि आईने माझा हात असा ओढला होता की बांगडी फुटली. मला तेव्हा आई जाम कंजूष वाटली होती. चौदा वर्षं मी तसंच समजत होते.

आता आईची अर्धी.

अकराव्या दिवशी संध्याकाळी पुन्हा बाजार होता. आईने बघितलं, दिवसा वर्गात झोपणारी पोरगी संध्याकाळी परत दोरावर. तिने बापाला बाजूला घेतलं. म्हणाली, तू कर ना खेळ, पोरीला का चढवतोस? तर तो म्हणाला, ‘‘बाई, दोरावर ती चालती. म्या न्हाई चालत. माझ्या वजनानं बांबू बसतो.’’ आईला राग आला. तेव्हा तिची नोकरी नवीन, अंगात जोर. बाजारात सगळी ओळखीची, निम्म्यांची पोरं तिच्या वर्गात. ती तिथेच रिंगणात उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, ‘‘कुणी पैसे टाकू नका. तुम्ही टाकता म्हणून पोरगी शाळेत टिकत नाही. आज कुणी टाकायचे नाहीत.’’

‘‘आणि कुणी टाकले नाहीत,’’ आई म्हणाली. ‘‘माझं ऐकलं सगळ्यांनी.’’

थाळी रिकामी फिरली. पोरगी वर दोरावर, खाली शांतता. तिने खेळ पूर्ण केला. सकाळी पाल नव्हतं. परीक्षा झाली, आणि नंतर हजेरीपटावर तिच्या नावापुढे लाल शाईने रेघ मारायचं कामही आईनेच केलं.

दादाने धपाट्याचा घास हातातच धरला होता. काय बोलायचं कुणालाच सुचेना. शेवटी मीच लॅपटॉप बंद करत म्हटलं, ‘‘जाऊ दे. नको जायला. नदीवर बोटीत बसू.’’

‘‘जाऊ,’’ आई म्हणाली. ‘‘पण ते मागचं तिकीट नको. पुढचं घे. चेहरे दिसले पाहिजेत. वय कळलं पाहिजे.’’

अशा रीतीने माझ्या शीटमधलं बजेट कोसळलं. १८०च्या जागी २८० युआन. आईने स्वतःच्या पर्समधून दिले.

मंगळवारी दादाच्या ऑफिसातल्या एका चिनी मैत्रिणीने फोन करून तिकिटं सांगून ठेवली होती. मेट्रोत शिरताना प्रत्येकाची बॅग मशीनमधून जाते. आमची गेली आणि मशीनवरचा पोरगा स्क्रीनकडे बघतच राहिला. गोल, पातळ, एकावर एक आठ. फॉइलमधले धपाटे! डबा उघडून दाखवला. त्याने वास घेतला, ठेच्याच्या वासाने ठसकला आणि जा म्हणाला.

जाता जाता टिप्स, कारण तुम्ही कधी तरी जाल. एक तर पोचल्याच्या दिवशी हा शो ठेवू नका, अंधार आणि एसी, झोप लागते. अगदी पहिल्या रांगेतही बसू नका, सगळं डोक्यावर चालतं आणि मान धरते. मधोमध, सात-आठ रांगा मागे, ही जागा बेस्ट. आधी काही तरी खाऊन जा. फोटो काढायला बंदी असते आणि ती मनावर घ्या. वर कोणी एका हातावर उभं असताना तुमचा फ्लॅश चमकला तर काय होईल, याचा विचार करा.

शो सुरू झाला आणि मी, जी प्लॅनिंगमध्ये तीन उद्गारचिन्हं मारून आले होते, ती शोऐवजी आईकडेच बघत होते. मुली आल्या, एकीच्या अंगावर दुसरी, दुसरीच्या तळव्यावर तिसरी, हाडं नसल्यासारख्या वाकलेल्या. टाळ्या. आईचे हात मांडीवर. पोरांनी एकावर एक ठेवलेल्या गोल चौकटींमधून उड्या मारल्या, सुळकन, मासे जावेत तशा. टाळ्या. आईचे हात मांडीवर. ती पुढे झुकून डोळे बारीक करून चेहरे बघत होती, परीक्षेला आलेल्या पोरांचे बघते तशी.

मग रांजणवाला आला. चिनी मातीचा चांगला हंडाभर मोठा रांजण, निळी नक्षी. तो वर फेकायचा आणि मानेवर झेलायचा, डोक्यावर काठाने उभा करायचा, फिरवायचा. आई माझ्या कानात पुटपुटली, ‘‘रिकामा असंल ना?’’ मी म्हटलं, हो, रिकामाच. ‘‘मग काय त्यात,’’ ती म्हणाली. त्या उन्हाळ्यात आष्टीत प्रत्येक बाई भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालत होती, त्यामुळे तिला बोलायचा हक्क होता. पण ती हलली होती, हे मला कळलं.

तेवढ्यात त्याचा एक झेल चुकला. रांजण मानेवरून घसरला, शेवटच्या क्षणी त्याने हाताने धरला. सोळाशे माणसांनी एकदम श्वास घेतला. तो हसला, वाकून नमस्कार केला आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. नंतर कळलं, हे तिथे नेहमीचं. चुकलं की परत करायचं, जमेपर्यंत. पण आम्हाला ते कुठे माहीत? आई खुर्चीच्या कडेवर आली. आणि सगळा हॉल गप्प असताना तिने आपल्या वर्गातल्या आवाजात, मराठीत, स्पष्ट सांगितलं, ‘‘सावकाश. घाई नको करू.’’

पुढच्या रांगेतल्या दोन बायकांनी वळून बघितलं. दादा खुर्चीत घसरला. रांजण वर गेला, खाली आला, मानेवर टेकला आणि थांबला. आई टाळ्या वाजवत होती. हात डोक्याच्या वर नेऊन.

त्यानंतर ती थांबली नाही. हवेत कापडाला लटकून फिरणाऱ्या जोडीला तिने आधी नीट बघून घेतलं. मोठ्या फिरत्या चाकावर पळणाऱ्यांना टाळ्या. लोखंडी गोलात एक मोटरसायकल शिरली, मग दुसरी, तिसरी, शेवटी आठ. आपल्या जत्रेतल्या ‘मौत का कुआँ’चा हा चकाचक भाऊ. दादा उभा राहून ओरडत होता. आईने डोळे मिटून घेतले होते आणि मिटल्या डोळ्यांनी टाळ्या चालू होत्या.

परतीच्या मेट्रोत जागा मिळाली. आई म्हणाली, ‘‘वीस-बावीसची असतील सगळी. लहान कुणी नव्हतं.’’ मी म्हटलं, सहा-सात वर्षांची असल्यापासून शिकवतात, हॉस्टेलवर ठेवतात. वूचियाओला तर १९८५ पासून शाळाच आहे. कसरत आणि पुस्तक, दोन्ही. सोपं नसतंच, आईबापांपासून लांब. पण कागद मिळतो, कंपनीत नोकरी मिळते. आईने हे सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘‘वरच्या पोरीच्या कमरेला तार होती. बघितलीस? बारीक होती.’’

मी बघितली नव्हती.

दोन स्टेशनं गेली. ‘‘तीही आता बावीसची असेल,’’ आई म्हणाली. ‘‘तुझ्याच वयाची.’’

अण्णांची टॉर्च आम्ही विसरलो. विमानतळावर आठवली आणि तिथे ती पुण्यापेक्षा महाग होती.

या गोष्टीवर लिहायचं मी खूप दिवस टाळत होते. कारण मला दोन्ही बाजूंनी बोलता येतं. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने सर्कशीत मुलांना कामाला लावणं बंद केलं. त्याआधी १ एप्रिल २०१० पासून सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. दोन्ही गोष्टी हव्याच होत्या. आणि २०१६ मध्ये बालमजुरीचा कायदा बदलला, तेव्हा शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात हातभार लावायची मुलांना सूट ठेवली. बाजारातला दोर हा घरचा धंदा की सर्कस? कागदावर डोंबारी-कोल्हाटी समाज भटक्या जमातींच्या ‘ब’ यादीत आहे. सवलती आहेत. पण त्या घ्यायला दाखला लागतो, दाखल्याला पत्ता लागतो, आणि पाल दर आठवड्याला उठतं. आई बाजारात जे बोलली, ते पुस्तकाप्रमाणे शंभर टक्के बरोबर होतं. मी तिच्या जागी असते तर तेच बोलले असते, कदाचित आणखी मोठ्याने.

२०२३ च्या मार्चमध्ये मी घरी गेले. नगरहून न्यू आष्टीला आता रेल्वे येते, २३ सप्टेंबर २०२२ ला सुरू झाली, सहासष्ट किलोमीटर. (शहराचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, पण आमच्या तोंडात नगरच.) आईला घेऊन बाजारात गेले. कांदे, मेथी, आणि तिला हवा होता एक झाडू. टोकाला, जनावरांच्या बाजाराच्या कडेला, गर्दी दिसली. ढोलाच्या जागी आता स्पीकर, त्यावर हिंदी गाणं. बांबूच्या कैच्या त्याच. वर आठ-नऊ वर्षांची पोरगी, फ्रॉकखाली लेगिंग, डोक्यावर स्टीलच्या कळश्या.

आई थांबली. मी तिच्या हाताकडे बघत होते. शेवटपर्यंत ती उभी राहिली. पोरगी खाली उतरल्यावर थाळी आली, तशी आईने पर्समधून पाचशेची नोट काढून ठेवली. बाप चमकला. आजूबाजूच्या चार-सहा जणांनी बाईंनी टाकले म्हणून खिशात हात घातले.

‘‘कितवीत आहे गं?’’ आईने पोरीला विचारलं.

पोरीने बापाकडे बघितलं.

‘‘नाव हाय साळंत, बाई,’’ तो म्हणाला.

‘‘कुठल्या शाळेत?’’

त्याने गावाचं नाव सांगितलं. आमच्यापासून बरंच लांबचं गाव. आईने झाडू काखेत धरला, पर्समधून पेन काढलं आणि भाजीच्या कागदी पिशवीवर ते लिहून घेतलं. मग शाळेतल्या बाईंचं नाव विचारलं. ते त्याला ठाऊक नव्हतं. पोरीला होतं.